उंबराखालची पन्हळ

मित्रांनो, मी एक जुनी पन्हळ आहे. पन्हळ म्हणजे काय, हे नळाखाली तांब्या धरणाऱ्यांना समजावून सांगावे लागेल. ताडाचे खोड उभे चिरायचे, आतला भुसभुशीत गर कोरून काढायचा. मग जी लांब नाली उरते, ती मी. एका टोकाने झऱ्याचे पाणी घ्यायचे आणि दुसऱ्या टोकाने खाली सोडायचे, एवढेच माझे काम. त्यात मोठेपणा कसला आला? पण धार माझ्या तोंडून पडे, म्हणून लोक मलाच पाणी समजत. खोटे कशाला बोलू, पुढे पुढे मलाही तसेच वाटू लागले.

मला घडवले लडक्याने. डहाणूहून कासा, कासाहून बैलगाडीची वाट आणि ती संपली की डोंगराची चढण, अशा ठिकाणी उंबरपाडा नावाचा बारा घरांचा पाडा होता. तिथल्या खडकात, उंबराच्या मुळाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक झरा होता. बायका उकिडव्या बसून करवंटीने एकेक ओंजळ पाणी हंड्यात भरत. १९४९ साली लडक्याची बायको काळी पोटुशी होती. तिला बसवेना, बसली तर उठवेना. लडक्याने ते पाहिले आणि खाली वादळात पडलेला एक ताड शोधून काढला. चार दिवस कुऱ्हाड आणि लाकूड तासायचा वाकस घेऊन तो माझ्याशी झटत होता. मग त्याने झऱ्याखालची जमीन हातभर खोल केली आणि सागाच्या दोन दुबेळक्यांवर, म्हणजे वर फाटा असलेल्या मेढींवर, मला बसवले. काळीने हंडा माझ्या तोंडाखाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. हंडा आपोआप भरला. ती हसली, तेव्हा लडक्या कानापर्यंत लाजला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस तोच, असे आता मागे वळून पाहताना म्हणावे लागते.

पाड्याची एक रीत होती. झऱ्याला लोखंड लावायचे नाही. गाळ साचला तर हातांनी काढायचा, फार तर लाकडी काठीने. दिवाळीला माझ्या तोंडून मनगटाएवढी धार पडे, वैशाखात करंगळीएवढी. पण ती कधी तुटली नाही. करंगळीएवढ्या धारेत बारा घरे, त्यांची गुरे आणि कोंबड्या सुखाने उन्हाळा काढत.

१९५३ च्या नाताळच्या सुट्टीत डहाणूच्या एका शाळेचे वासुदेव गुरुजी चाळीस मुले घेऊन आले. झऱ्याखालच्या माळावर त्यांनी लष्करातल्या जुन्या राहुट्या उभारल्या. सकाळी झेंडा, मग डोंगर चढणे, दुपारी खिचडी, संध्याकाळी खेळ. गुरुजींनी मुलांना माझ्यापुढे रांगेत उभे केले आणि सांगितले, पाहा, हिला एक खिळा नाही, एक रुपयाचे सामान नाही, आणि ही बारा घरांना पाणी पाजते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. लगेच त्यांच्यातल्या एकाने चाकू काढून माझ्या अंगावर आपले नाव कोरले. कौतुक आणि जखम मला एकाच दिवशी मिळाली.

गुरुजी मनाने फार चांगले होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचे ऐकून तुम्ही त्यांना वाईट ठरवाल. त्यांनी लडक्याला सही करायला शिकवले. शिबिराचा राखणदार केले, खाकी कोट आणि शिट्टी दिली. एका शिबिरात लडक्याची मुलगी रूपी तापाने फणफणली, डोळे फिरवू लागली. गाडीला बैल मिळेनात. तेव्हा या माणसाने तिला खांद्यावर घेतले आणि धावतपळत कासाच्या दवाखान्यात पोहोचवले. रूपी वाचली. त्या दिवसापासून गुरुजींनी काही म्हणायचा अवकाश, लडक्या "हां जी" म्हणून मोकळा.

शिबिराचे नाव पसरले. पोरांपाठोपाठ मोठी माणसे येऊ लागली. स्टेशनवरचे कारकून, कचेरीतले भाऊसाहेब, त्यांच्या बायका, त्यांचे पाहुणे. हवा खायची, वनभोजन करायचे, डोंगरावर अर्ध्यापर्यंत जाऊन धापा टाकत परतायचे, आणि मग सगळ्यांनी माझ्याखाली आंघोळ करायची. कुणी माझ्या पाठीवर आरसा टेकवून दाढी करी. साबणाचा फेस खालच्या वाफ्यात जाई. पाड्याच्या बायका हंडे घेऊन उंबरामागे थांबत. पूर्वी त्या सकाळी पाणी भरत, नंतर दुपारी भरू लागल्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि पाहुण्यांना ती ऐकू आली नाही. मी मात्र खूश होते. पाहुणे म्हणत, काय थंडगार पाणी! आणि मला वाटे, माझेच कौतुक चालले आहे. कुणाचे काही का होईना, आपण आपल्या तोऱ्यात.

१९६२ साली या हौशी मंडळींनी एक मंडळ काढले. मे महिन्यात शंभर मुलांचे शिबिर भरवायचे, कायमचे ओटे बांधायचे, पाण्याची टाकी बांधायची, असे ठरले. पण मे महिन्यात माझी धार करंगळीएवढी. शंभर मुलांची तोंडेही त्यात धुऊन झाली नसती. गुरुजींना उपाय सापडला. झऱ्याचे तोंड सुरुंगाने मोठे करायचे. टाकीतून पाड्यालाही एक नळ द्यायचा. बायकांचा त्रास वाचेल, असे ते मनापासून म्हणत होते.

ही बातमी पाड्यात आली, तेव्हा काळी कामाचा हात थांबवून नवऱ्याला म्हणाली, "झऱ्याला लोखंड लावाचा नाय. तू त्यांना नाय बोल." लडक्यालाही ते पटत होते. त्याच्या बापानेही त्याला हेच सांगितले होते. पण नाही म्हणायचे कसे?

मित्रांनो, यापुढे तीन सकाळी जे घडले, ते फक्त मी आणि काळीने पाहिले. लडक्या उजाडताच माझ्यापुढे येऊन उभा राही, खाकी कोटाची बटणे लावी, घसा साफ करी आणि मला म्हणे, "नाय गुरुजी. नाय चालाचा." पहिल्या दिवशी ते त्याच्या स्वतःच्या कानांनाही ऐकू गेले नसेल. दुसऱ्या दिवशी आवाज जरा वाढला, पण तो "नाय"च्या आधी दोनदा "रागावू नका" म्हणाला. तिसऱ्या दिवशी मात्र त्याने असे ठणकावून सांगितले की उंबरावरची पाखरे उडाली. हंडा भरता भरता काळीला हसू आवरेना. ती म्हणाली, अस्साच बोल, कोट काढून बोललास तरी चालेल. दोघेही हसली. मलाही वाटले, झाले, आता काळजी नाही.

चौथ्या दिवशी गुरुजी आले. बरोबर चिमण मिस्त्री होता, उंबरगावकडचा, सुरुंग लावणारा. त्याने खडकावर हातोडी वाजवून पाहिली आणि म्हणाला, "पाणी आवशेज, मास्तर." पाणी येणारच, असा त्याचा हवाला. गुरुजी माझ्या तोंडाखाली ओंजळ धरून पाणी प्यायले, त्यांनी चष्मा पुसला, आणि हुकूम न सोडता विचारले. हेच तर मला अजून सहन होत नाही. त्यांनी विचारले.

"लडक्या, तू इथला माणूस. मी बाहेरचा. तू सांग, इथे सुरुंग लावला तर चालेल ना?"

लडक्याने आपल्या पायांकडे पाहिले. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. काळी उंबरापाशी हंडा घेऊन उभी होती. मी मनात म्हणत होते, बोल रे, काल बोललास तसे बोल.

"चालंल जी," लडक्या म्हणाला.

"नक्की? तुमच्या पाड्याचं काही म्हणणं नाही ना?"

"नाय जी. चालंल."

गुरुजींना फार आनंद झाला. त्यांनी त्याची पाठ थोपटली. उंबरापाशी उभ्या असलेल्या काळीकडे त्यांची नजर गेली, पण बाईमाणूस आहे, म्हणून त्यांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिले. काळी अर्धा भरलेला हंडा घेऊन घरी गेली.

मला उतरवून करवंदीच्या जाळीत टाकले. दोन दिवस पहारी वाजत होत्या आणि तिसऱ्या दिवशी सुरुंग उडाला. जमीन हादरली, उंबराची फांदी मोडली, आणि खडकातून मांडीएवढे पाणी उसळले. सगळे नाचू लागले. चिमणने नारळ फोडला. फोटो काढायचा म्हणून मला परत दुबेळक्यांवर बसवले आणि गळ्यात झेंडूची माळ घातली. तोवर बांधून झालेली टाकी भरून वाहू लागली. शंभर मुले आली, पोहली, गाणी म्हणाली. पाड्याच्या बायकाही नळाखाली हंडे लावू लागल्या. लडक्या छाती काढून सगळीकडे फिरत होता. काळीलाही क्षणभर वाटले असेल, की आपणच चुकलो.

हे आठ दिवस चालले. नवव्या दिवशी धार मनगटाएवढी झाली, अकराव्या दिवशी करंगळीएवढी. मग थेंब. पंधराव्या दिवशी माझ्यातून मुंग्यांची रांग चालली होती. चिमणने पहार घालून पाहिले, कान लावून ऐकले आणि तो उठून हात झाडू लागला. खालचा खडक फुटला होता आणि पाणी तिथून कुठे तरी खोल निघून गेले होते. "हवे नहीं आवे, मास्तर," तो म्हणाला. आता येणार नाही. त्याच्या सांगण्यात या वेळी चूक नव्हती.

मंडळाने राहुट्या गुंडाळल्या आणि पुढच्या वर्षी शिबिर समुद्रकाठी सुरूच्या बनात भरवले. तिथली हवाही छान आहे म्हणतात. गुरुजींनी जूनपर्यंत गाडीवरून पाण्याची पिंपे पाठवली. मग त्यांची बदली झाली. पावसाळ्यात डोंगर सगळीकडूनच गळतो, तसे माझ्यातूनही पाणी आले. बायकांनी माझ्या तोंडाला कुंकू लावले, कोंबडे कापले. कार्तिकात मी परत कोरडी पडले, ती कायमची.

दोन टेकड्या ओलांडून नदीच्या वाळूत खड्डा खणायचा, पाणी झिरपेपर्यंत बसायचे आणि हंडा भरून परत यायचे, हे काळीचे काम झाले. रूपी चौदा वर्षांची होती, तिचेही. ज्या बाईला उकिडवे बसावे लागू नये म्हणून मला घडवले, ती आता रोज वाळूत उकिडवी बसत होती. लडक्याला पाड्यात कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते. तो रोज येऊन माझ्यातला पाचोळा काढी, जणू पाचोळ्यानेच पाणी अडवले आहे. एकेक घर उठत गेले. कुणी मिठागरावर गेले, कुणी चिकूच्या वाडीत. पाच वर्षांत बाराची चार घरे राहिली.

१९६८ साली गुरुजी निवृत्त होऊन डहाणूला परतले आणि एकदा काठी टेकत वर आले. माळ, फुटकी टाकी, मी. त्यांनी सगळे हिंडून पाहिले. मग त्यांनी लडक्याला जवळ बसवून विचारले, "तुला ठाऊक होतं ना? मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

लडक्या म्हणाला, "सावकाराचा मानूस वेठीला बोलवाय आला, तवा 'नाय' बोललू आमी. मार खाल्ला, पन बोललू. तुमी रूपीला खांद्यावर नेलात. तुमाला नाय कसा बोलाचा, ते आमाला येत नव्हता."

गुरुजी रडले. पांढऱ्या मिशांवरून पाणी ओघळत होते. लडक्यालाच त्यांची समजूत घालावी लागली. डोळे पुसून झाल्यावर गुरुजींच्या मनात एक चांगला विचार आला. त्यांच्या मनात नेहमी चांगलेच विचार येत. ते म्हणाले, ही पन्हळ इथे कुजून जाईल. आपण ती शाळेत ठेवू, मुले पाहतील, त्यांना समजेल. "नेली तर चालेल ना रे?"

"चालंल जी," लडक्या म्हणाला.

मला गाडीत चढवत होते, तेवढ्यात काळी नदीवरून आली. तिने हंडा उतरवला, माझ्या आत, पाण्याने गुळगुळीत झालेल्या भागावरून हात फिरवला आणि नवऱ्याला विचारले, "परत हां बोललास?" तो बैलांकडे बघत राहिला. त्याच वर्षी उरलेली चार घरेही खाली वाडीत कामाला गेली, असे मी पुढे गाडीवानाकडून ऐकले.

तर मित्रांनो, आता मी तुमच्या शाळेच्या ओसरीवर आहे. माझ्यावर 'आदिवासी हस्तकला, हात लावू नये' अशी पाटी आहे. मला जपा, असे मी सांगणार नाही. मला जपून काय होणार? पण दर हिवाळ्यात तुमची सहल निघते, तुम्ही कुणाच्या तरी डोंगरावर, कुणाच्या तरी पाण्यापाशी उतरता. तुमचे गुरुजीही भले आहेत, ते तिथल्या माणसाला विचारतील, चालेल ना? तो हो म्हणेल. तेवढ्यावर कामाला लागू नका. त्याच्यामागे झाडापाशी कुणी हंडा घेऊन उभी असेल, तिला विचारा. काळी नऊ वर्षे तिथे उभी होती, आणि तिला कुणीच काही विचारले नाही.