मोरपंखी ड्रेसची शिलाई

दुसऱ्याने वापरलेले कपडे कादंबरीला चालत नसत. तिच्या सतरा वर्षांच्या मुलीला, गार्गीला, नेमका त्याचाच नाद. गेल्या सुट्टीत लंडनला गार्गीने जुन्या कपड्यांच्या बाजारात अख्खी दुपार घालवली आणि कादंबरी बाहेर बाकावर बसून राहिली. त्यामुळे शाळेच्या निरोपाच्या पार्टीसाठी गार्गी तिला सिंगापूरमधल्याच तोआ पायोह भागातल्या जुन्या कपड्यांच्या एका दुकानात घेऊन निघाली, तेव्हा कादंबरी गेली ती नाही म्हणायलाच.

दुकान जुन्या ब्लॉकच्या तळमजल्यावर होतं. मालकीणबाई सत्तरीच्या, मादाम ओंग. गार्गीने अर्धा तास कपडे चाळले आणि एक मोरपंखी सॅटिनचा ड्रेस घेऊन पडद्याआड गेली. कादंबरी कशालाही हात न लावता उभी.

"मम्मी, चेन लागत नाही," आतून आवाज आला.

ड्रेस कमरेत जेमतेम इंचभर कमी पडत होता. "नेव्हर माइंड लाह," गार्गी म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. तिने ड्रेस आईच्या हातात दिला आणि कादंबरीने सवयीने तो उलटा केला.

बँकेत लागण्याआधी तिने डोंबिवलीत दोन वर्षं शिवणक्लास केला होता. त्यालाही बावीस वर्षं झाली. तरी बघताक्षणी तिला कळलं, हे मन लावून केलेलं काम आहे. टाके बारीक, एकसारखे, कडा हाताने बांधलेल्या आणि दोन्ही बाजूंच्या शिलाईत जादा कापडाची भरपूर माया सोडलेली.

"कुणी शिवलाय हा?" तिने इंग्रजीत विचारलं.

"माझ्या बहिणीने, स्वतःच्या साखरपुड्यासाठी," मादाम ओंग म्हणाल्या. "पुढे ते ठरलेलं लग्न मोडलं. आता पर्थला असते, तीन नातवंडं आहेत. म्हणाली, विकून टाक. पण दोन टेलर सांगून गेले, हा सैल होणार नाही."

"होईल," कादंबरी म्हणाली. "त्यांनी आतून बघितला नसेल."

ड्रेस घरी आला. दोन दिवस तिने तो खिडकीशी वाऱ्यावर टांगला. प्रबोधने नुसतं एकदा ड्रेसकडे आणि एकदा बायकोकडे बघितलं.

"बघतोस काय? शेजारच्या स्मिताकडून मशीन आणून दे," ती म्हणाली.

पहिली शिलाई वाकडी गेली. तिने ती उसवली, जुन्या चादरीच्या तुकड्यावर हात बसवला आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा घातली. मूळच्या टाक्यांची रेघ अगदी जवळून पाहिलं तरच दिसत होती. पार्टीला निघताना गार्गी आरशासमोरून हलेना. "आई, थँक यू," ती म्हणाली. एरवी ती मम्मी म्हणायची.

कादंबरीने तिचा फोटो मादाम ओंगना पाठवला, त्यांनी तो पर्थला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना एमआरटीच्या मेट्रोत उत्तर आलं. बहिणीने लिहिलं होतं, 'छान दिसतो. मलाही कमरेत घट्टच होता. त्या दिवशी मी काही खाल्लंच नाही.'

कादंबरी एकटीच हसली. शेजारचा माणूस बघायला लागला, तसा तिने फोन पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी ती मशीन परत द्यायला गेली आणि दारातच स्मिताला विचारलं, "हे तू कुठून घेतलंस गं?"