आवडाबाईचा विधी

नारळ, सुपारी, विड्याची पानं, कापूर आणि वरून कोथिंबिरीची एक जुडी. एवढा सरंजाम पिशवीत भरून आवडाबाई अनसिंगहून वाशीमला कोर्टात आली, तेव्हा फाटकावरच्या पोलिसाने पिशवीत डोकावून पाहिलं आणि मुकाट्याने तिला आत सोडलं. कोर्टात माणसं काय काय घेऊन येतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

दोष आवडाबाईचा नव्हता. बाजारात तिच्या शेजारी भाजी घेऊन बसणाऱ्या रुपाबाईने छातीठोकपणे सांगितलं होतं, "कोर्टात सरकारनं विधी सेवा काढली व माय. बायायचे विधी फुकट करून देतात. एवढी मोठी पाटी हाये!"

आणि आवडाबाईला विधीची फार निकड होती. नवरा गुलाबराव मागच्या वर्षी गेला. तो आणि त्याचे थोरले भाऊ माणिकराव यांची विहीर एक, मोटार एक, आणि मोटारीच्या पाळीवरून दोघांत अबोला. भाऊ गेला तरी माणिकराव मसणात लांबच उभे राहिले आणि दहाव्याला तर फिरकलेच नाहीत. बाकी भाऊबंदांनी डोक्याचे केस आणि मिशाही उतरवल्या. माणिकरावांची झुबकेदार मिशी मात्र गावभर डौलात हिंडत राहिली. ते आवडाबाईच्या जिव्हारी लागलं होतं. आता तर त्यांनी मोटारीच्या पेटीला कुलूपच घातलं होतं. वांग्यांनी माना टाकल्या होत्या, आणखी आठवडाभर पाणी मिळालं नसतं तर मळा हातचा गेला असता. गुलाबरावाचा जीव कुठंतरी अडकलाय, म्हणूनच पाणी अडलंय, असं तिने पक्कं ठरवून टाकलं होतं. शांतीचा विधी झाला की कुलूप निघणार!

विधी सेवेच्या खोलीत टेबलामागे तनुजा वकीलबाई बसल्या होत्या. तरणी पोर, त्यात काळा कोट. आवडाबाई जरा बिचकली. पण म्हटलं, असेल इथला रिवाज.

"बसा मावशी. काय काम होतं?"

"विधी सेवा पाह्यजे होती."

"मग बरोबर जागी आलात. दुसरा पक्ष कोण?"

"पक्ष? पक्ष तं भादव्यात असते न बाई. आता तं फागून चालू हाये."

वकीलबाईंचा पेन थांबला. "म्हणजे, तुमच्या विरुद्ध कोण आहे?"

"आमचे भासरेच हायेत, मालकाचे मोठे भाऊ."

"मग त्यांनाही बोलवावं लागेल. तारीख देते."

"पाहूनसवरून द्या. अवस नोको," असं म्हणून आवडाबाईने नारळ काढून फायलींवर ठेवला. "अन् पाट कुठं मांडू?"

पलीकडे बसलेला दिनेश कारकून तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला. वकीलबाईही हसल्या असत्या, पण त्यांनी ओठ चावला आणि सांगितलं, "मावशी, विधी म्हणजे इथं कायदा. पूजा नाही होत."

"मंग कायदा म्हना न! सरकारले दुसरा शब्द भेटला नाही काय?" आवडाबाई कानापर्यंत लाल झाली आणि नारळ उचलून उठली. वकीलबाईंनी हात धरून तिला पुन्हा बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. विहीर दोघांच्या नावावर, हे कळल्यावर म्हणाल्या, "मग ते पाणी तुमचंही आहे. कोणी अडवू शकत नाही. आणि बाईमाणसाला इथं फी पडत नाही."

गुलाबराव गेल्यापासून 'तुमचं' असं कोणी म्हटलंच नव्हतं. आवडाबाईला एकदम भरून आलं. तिने कोथिंबीर टेबलावर ठेवली. "सांबाराची जुडी तरी ठिवून घ्या."

दिनेशने माणिकरावांना फोन लावला. "विधी सेवेतून बोलतोय. तुमच्या भावजयीनं, गुलाबरावांच्या मंडळींनी, अर्ज केलाय. सोमवारी यावं लागेल." एरवी लोक शिव्या घालायचे. माणिकरावांनी नुसती वेळ विचारून घेतली. मग खोल आवाजात, "येतो."

सोमवारी आवडाबाई 'माहा हिस्सा, माहा हिस्सा' असं घोकत बसली होती. दारात एक म्हातारा उभा राहिला. तिने आधी ओळखलंच नाही. त्याने टोपी काढली, डोकं तुळतुळीत. ओठावर मिशी नाही, नुसती पांढरी कातडी. बगलेत कोरं धोतर.

"भटजी आले काय?" माणिकरावांनी विचारलं. मग भावजयीकडे न बघता म्हणाले, "दहाव्याले याले पाह्यजे होतं मले. नाई आलो. आता तुनं विधी ठेवला, बरं केलं."

वकीलबाईंनी समजावायला तोंड उघडलं. आवडाबाईने डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. घोकलेलं सगळं विसरून गेली. माणिकरावांनी करदोड्याची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. "पानी घे तुह्यावालं. गुलाब असता तं त्यालेच देली असती."

वकीलबाईंनी मोटारीच्या पाळ्या कागदावर घेतल्या, पुन्हा कुलपाची वेळ नको म्हणून. एकाची सही झाली, एकीचा अंगठा. हाच सरकारी विधी समजून माणिकरावांनी कागदाला हात जोडले.

परतताना दोघं एकाच एसटीत बसल्यावर आवडाबाईला राहवेना. भासऱ्यांशी उभ्या जन्मात ती थट्टेने बोलली नव्हती.

"दादा, तिथं विधी म्हंजे कायदा असते म्हने."

माणिकरावांचा हात ओठावर गेला. तिथे चाचपायला काहीच नव्हतं. "म्हंजे माही मिशी फुकट गेली म्हन की!"

"तिथं समदं फुकटच असते, दादा," आवडाबाई म्हणाली, आणि पिशवीतला नारळ त्यांच्या हातात दिला.