उष्टं ताट

शालनने ओल्या मातीत वस्तू दाबली की ती ज्याची, तो माणूस त्या वस्तूपुरता परत यायचा. वारलेल्या मास्तरांचा चष्मा दाबला तेव्हा मास्तरांचं नाक आणि दोन कान आले. नाकाने आल्या आल्या शिंकून घेतलं. भोवती तिने नदीकाठच्या शिंपल्या आणि फुटक्या बांगड्यांचे तुकडे बसवले, आणि मास्तरांच्या घरच्यांनी ती आठवणीची मातीची पाटी खुशीत सोप्यात टांगली. पहिल्यांदा गावात बोंबाबोंब झाली, मग सवय झाली. माणूस कशालाही सरावतो, तिथे दोन कानांची काय कथा!

माती ओली असेपर्यंत आलेला अवयव जिवंत राही. ती सुकली की तोही मातीच. आधीच वस्तू उपटली, तर तो आल्या वाटेने परत जाई. जित्या माणसाच्या वस्तूला मात्र शालन हात लावायची नाही. एकदा चुकून शेजारच्या गोदाबाईंचं जोडवं दाबलं गेलं, तर बोट इकडे पाटीवर आणि बाई तिकडे चूल सोडून ओरडतायत. जोडवं उपटलं तेव्हा बोट घरी गेलं.

लोकांचं सगळं झालं, तिचं स्वतःचं राहिलं होतं. तिचा नवरा आनंदा बाजाराला निघाला, उंबऱ्यातून मागे वळला, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वडापच्या जीपने हॉर्न दिला. "राहू दे, आल्यावर सांगतो," म्हणाला. तो आलाच नाही. काय सांगायचं होतं मेल्याला, या एका घोराने शालनला अन्न गोड लागत नव्हतं.

पण दाबायला वस्तू कुठे होत्या? तेराव्यानंतर नणंदेने, शेवंताक्कांनी, त्याचे कपडे भांडीवालीला देऊन पातेलं घेतलं होतं. राहिलेल्या चपला दाबल्या, तर पाय आले आणि टाचा घासत राहिले. चंची दाबली, तर तळवा आला आणि तंबाखू मळत बसला.

"तंबाखू बरी आठवते!" शालन रडत रडत भांडली. तळव्याला काय ऐकू येणार?

"अगं, त्याचं ताट आहे की," शेवंताक्का म्हणाल्या.

"खरंच की वन्सं! काखेत कळसा नि गावाला वळसा."

पितळी ताट. त्यात दुसरं कुणी जेवायला बसलं तर आनंदा न जेवता उठायचा. शालनने परातभर माती मळली आणि ताट त्यात रुतवलं. माती फुगली. आधी मिशी आली, मग ओठ.

"शालन," आनंदा म्हणाला.

ती "ओ" म्हणायला गेली, तर "ओ" मातीतून आला. तिने चेहऱ्यावर हात फिरवला. नाकाखाली पार हनुवटीपर्यंत सगळं सपाट, सारवल्यासारखं.

शेवंताक्कांनी कपाळावर हात मारला. "अगं बये! तो उठला की त्याच ताटात तू बसायचीस. लग्न झाल्यापासून! विसरलीस?"

विसरली नव्हती. पण नवऱ्याचं उष्टं ताट आपलंही असतं, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

"ओढ ते ताट. आधी तुझं तोंड घे."

शालनने काठ धरला, पण ओढला नाही. मातीत दोन तोंडं शेजारी शेजारी होती.

"त्या दिवशी काय सांगत होता?" तिच्या तोंडाने विचारलं.

"हळू. आक्का ऐकतीय," आनंदा म्हणाला.

त्याचे ओठ तिच्या ओठांपाशी सरकले आणि कुजबुजू लागले. बराच वेळ कुजबुजले. मग तिचं तोंड खुदकन हसलं. इतक्या वर्षांत ते असं हसलं नव्हतं.

"काय म्हणाला गं?" शेवंताक्कांनी विचारलं.

शालनला ऐकू गेलं नव्हतं. विचारायचं तर तोंड तिकडे हसण्यात गुंतलं होतं. परातीच्या कडेने माती सुकून पांढरी पडू लागली होती. ताटाचा काठ घट्ट धरून ती खाली वाकली आणि तिने मातीला कान लावला.