खवले काढायचा डबा

पावडरच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून खुशालने मासोळीचे खवले काढायचं यंत्र बनवलं, आणि त्या दिवसापासून त्याच्या बायकोची, बायनाबाईची, कंबर धरली. तसं यंत्र वाईट नव्हतं. तलावातली रोहू पाच मिनिटांत साफ व्हायची. पण नवऱ्याच्या पोटात काही राहील तर शपथ! तो गावभर सांगत सुटला आणि लोक पाहायला येऊ लागले. आलेल्याला चहा नको का? चहा होईस्तोवर तेलाच्या पिप्याची चूल दाखव, कॅन कापून केलेलं धान्य पाखडायचं सूप दाखव.

आज दुपारपर्यंत अकरा जण येऊन गेले. बारावा तर ब्रह्मपुरीहून मोटरसायकलवर आला. बायनाबाई त्याच्यासाठी कप विसळत होती आणि सकाळची रोहू कोपऱ्यात खवल्यांसकट तशीच पडली होती.

"तुह्या हाताचे कष्ट वाचले का नाई?" पाहुण्यादेखत खुशालने विचारलं. "सांग, आता तुह्यासाठी काय बनवू?"

बायनाबाई भिंतीला टेकली.

"दाराले एक कडी बनवा जी," ती म्हणाली. "आतून लागणारी. अन् तुमी बाहीर बसा."