आवडाबाईंचा गाडा

जयमालाबाईंच्या हातांना स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. वर्गात एखाद्या पोराची पट्टी रेघेवरून जराशी सरकली, की बाईंचा हात त्या पट्टीवर गेलाच म्हणून समजा. श्रीवर्धनला समुद्राकडे पाठ करून बसलेल्या त्या शाळेत बाई बावीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात शाळेचा नंबर सहसा चुकत नव्हता. आता खरं सांगायचं तर प्रदर्शनातल्या त्या प्रतिकृती बाईच करायच्या. मुलं मागे उभी राहून पाठ केलेली माहिती घडाघडा म्हणायची. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे, कारण आजूबाजूच्या सगळ्या शाळांत हाच रिवाज होता. बाईंची प्रतिकृती निदान चालायची तरी.

अशा या बाईंनी एकोणपन्नासाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं. माध्यमिक शाळेतल्या शिक्षकांना अभियांत्रिकी शिकवायला तयार करणारी दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी होती. वर्ग अलिबागला, शनिवार-रविवारी आणि सुट्टीत. दिघीहून फेरीबोट, आगरदांड्याहून एसटी आणि मुक्काम किहीमला नणंदेकडे. नवरा रत्नपाल पोस्टातून निवृत्त झालेला. डबा भरून देताना तो म्हणायचा, "इंजिनीअरबाई, बोट चुकवू नका." मस्करी करायचा, पण दिघीपर्यंत स्कूटरवरून सोडायलाही तोच जायचा.

हे सगळं कशासाठी, तर शाळेला नववीसाठी कार्यशाळा मंजूर झाली होती. करवती, ड्रिल, भक्कम लाकडी टेबलं, सगळं यायचं होतं. पण ही पदवी असलेला शिक्षक असेल तरच. नाहीतर त्या खोलीत मोडके बाक रचले जाणार हे हेडसरांनी सांगूनच ठेवलं होतं. बावीस वर्षं बाईंनी कप्पी फळ्यावर काढून शिकवली होती. निवृत्त होण्याआधी पोरांच्या हातात खरी कप्पी द्यायची, एवढंच त्यांना हवं होतं.

कॉलेजात पहिल्याच दिवशी त्यांना शिकवायला जो तरुण उभा राहिला, त्याला बघून बाईंनी कपाळावर हात मारला. तो त्यांचाच अदनान होता. खालच्या मोहल्ल्यातला, वडील कुवेतला, आठवीत मागच्या खिडकीजवळ बसून बोटी मोजणारा. आता दाढी आली होती, चष्मा आला होता आणि नावापुढे डॉक्टर लागलं होतं.

"बसा ना बाई," तो म्हणाला आणि स्वतःच गडबडून उभा राहिला.

"तुम्ही बसा, सर," बाई म्हणाल्या आणि अख्खा वर्ग हसला.

पदवीचं लेखी काम बाईंनी चुटकीसरशी केलं. अडलं ते शेवटच्या पाठाशी. हा पाठ आपल्याच शाळेत, आपल्याच मुलांवर घ्यायचा. मुलांनी कुणाची तरी खरी अडचण शोधायची, तिच्यावर काहीतरी बनवायचं, ते वापरून बघायचं, बिघडलं तर सुधारायचं. शिक्षकाने प्रश्न विचारायचे, पण मुलांच्या वस्तूला हात लावायचा नाही. पहिल्या वेळी बाईंनी अर्ध्या तासात मुलाच्या हातातून कात्री घेतली आणि पाठ तिथेच नापास झाला. आता दुसरी संधी होती आणि तीच शेवटची होती.

"बाई, तुम्ही आम्हाला काय सांगायचात?" अदनानने त्यांना समजावलं होतं. "हाताची घडी, तोंडावर बोट. आता तेच तुम्ही करायचं."

"गुरूलाच धडा देतोस होय रे?" बाई म्हणाल्या, पण मनात त्यांनी ते पक्कं धरलं.

मुलांना अडचण शोधायला लांब जावं लागलं नाही. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या आवडाबाई रोज भरलेलं पातेलं डोक्यावर घेऊन शेडपासून वर्गांपर्यंत यायच्या. मधलं पटांगण म्हणजे नुसती वाळू. पाय रुतायचे, कंबर धरायची. सायकलची चाकंसुद्धा त्या वाळूत फसायची. मैत्री आणि अमिषा या नववीतल्या दोघींनी आणखी दोन मुलांना घेऊन गट जमवला, किनाऱ्यावर वाहून आलेले मासेमारीच्या जाळ्याचे मोठे प्लास्टिकचे बोये गोळा केले आणि लोखंडी पाइपात ओवून त्यांची चाकं केली. रुंद आणि गोल चाकं, वाळूत बुडण्याचं नाव नाही. वर एक फळी टाकली, पुढे ओढायला दोरी. बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. दोन आठवडे त्यांनी ती घडी सोडली नाही. त्यांच्या दंडांवर बोटांचे वळ उठले असतील, पण त्यांनी सोडली नाही.

पाठाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मात्र घोटाळा झाला. छत्री विसरली म्हणून बाई परत वर्गात आल्या. गाडा कोपऱ्यात उभा होता. सहज म्हणून त्यांनी वाकून पाहिलं, तर पुढच्या चाकांचा पाइप फळीला एका जागीच, मधोमध, सैल बांधलेला. बोट लावलं तर इकडेतिकडे हलत होता. उद्या पाठ तपासायला येणाऱ्या परीक्षक मॅडमसमोर हे निसटणार, पातेलं कलंडणार, पोरींची फजिती होणार. बाई दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मग कपाटातली काळी चिकटपट्टी काढली आणि तो पाइप दोन्ही टोकांना फळीशी करकचून आवळून टाकला. झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं, की छत्री तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून परीक्षक मॅडम आल्या, अलिबागहून अदनान आला, आणि पटांगणाच्या कडेला खुर्च्या मांडल्या. गाड्यावर पातेलं ठेवलं. खिचडीऐवजी पाणी भरलं होतं, कारण आवडाबाईंनी बजावलं होतं, "सांडलात तर पोरं उपाशी ऱ्हातील. अन्नाचा खेळ न्हाय करायचा." मैत्रीने दोरी ओढली. गाडा वाळूवरून सरळ चालू लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते बघून अदनानलाही बरं वाटलं.

झेंड्याच्या खांबापाशी वळण होतं. मैत्रीने दोरी डावीकडे ओढली. पुढची चाकं काही वळेनात. ती आडवीच वाळूत रुतली, अमिषाने मागून रेटलं, फळी तिरकी झाली आणि पातेलं धाडकन खाली आलं. आवडाबाईंच्या पायांवर पाणी गेलं.

"असं कसं?" मैत्री ओरडली. "काल वळत होता! काल मधल्या सुट्टीत तीनदा वळवला आपण!"

बाईंना तेवढ्यात सगळं कळलं. ते सैल नव्हतं, ते वळायला ठेवलेलं होतं. पुढचा पाइप मधोमध बांधला होता म्हणूनच तो दोरीबरोबर फिरत होता. बाईंनी गाडा नुसता पाहिला होता, एकदाही ओढला नव्हता. त्यांची घडी आता इतकी घट्ट झाली, की श्वास घ्यायला त्रास व्हावा.

अमिषा वाळूत आडवी पडून फळीखाली बघत होती. "मैत्री, इथे पट्टी हाय. ही आपली नाय. आपण तर दोरी वापरली."

"कोणी लावली?"

अदनान खुर्चीवरून उठून वाकला. काळ्या पट्टीचं टोक आत दुमडलेलं होतं, पुढच्या वेळी सोडवताना नखाने उकरावं लागू नये म्हणून. अशी दुमड घालणारं माणूस अख्ख्या तालुक्यात एकच होतं. आठवीत ज्या पवनचक्कीपुढे उभं राहून त्याने बक्षीस घेतलं होतं, तिच्या प्रत्येक सांध्यावर ही दुमड होती. त्याने वर पाहिलं. तो काही बोलला असता की नाही, देव जाणे. बाईंनी त्याला तेवढा वेळच दिला नाही.

"मी लावली," त्या म्हणाल्या. आवाज मोठा होता, शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. "काल शाळा सुटल्यावर. मला वाटलं, तुमचं निसटेल. तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

परीक्षक मॅडमनी पेन उचललं. बाईंना ती कार्यशाळेची खोली दिसली, आत मोडके बाक छतापर्यंत रचलेले.

पोरी मात्र परीक्षेबिरीक्षेच्या भानगडीत नव्हत्या. मैत्री कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाई! वळायला ठेवलं होतं ते!"

"कळलं गं आता."

"मग आता हाताची घडी घाला. आणि तोंडावर बोट."

बाईंनी बोट ठेवलं. मुलं फिदीफिदी हसली, हेडसर चपापले आणि पोरींनी ती पट्टी टराटरा ओढून काढली. बाईंचं काम ते, निघताना बराच आवाज झाला. पुन्हा पाणी भरलं. गाडा खांबापाशी आला आणि वळला. पण वळताना पातेलं घसरलं, थोडं पाणी उडालं. मग तिथेच वाळूत बसून चौघांची भांडणं. एकजण म्हणाला खिळे ठोका, दुसरा म्हणाला दोरीने बांधा. बाईंना उत्तर येत होतं. तोंडावरचं बोट दोनदा सुटलं आणि दोन्ही वेळा त्यांनी ते परत ठेवलं.

अमिषा एकदम उठून आवडाबाईंकडे गेली. "मावशी, तुमची चुंबळ द्या ना."

आवडाबाईंनी डोक्यावरची कापडाची चुंबळ काढून दिली. अमिषाने ती फळीवर ठेवली, वर पातेलं बसवलं. गाडा खांबाला वळसा घालून, वर्गांसमोरून, परत शेडपर्यंत आला. पाणी नुसतं डुचमळलं. बाईंच्या मनातलं उत्तर खिळ्यांचं होतं.

"व्हय गो, ह्यो चालंल," आवडाबाई म्हणाल्या. "पण माझी चुंबळ माझ्याकडंच ऱ्हाईल."

परीक्षक मॅडमनी मुलींना जवळ बोलावलं. "पट्टी बाईंनी लावलेली आहे हे कळल्यावरसुद्धा तुम्ही काढलीत. भीती नाही वाटली?"

मैत्रीला प्रश्नच कळला नाही. "कसली भीती? गाडा वळत नव्हता ना."

"पण बाईंना जास्त कळतं."

"कळतं की. पण बाईंनी तो ओढून बघितला नव्हता," मैत्री म्हणाली. "ओढून बघितल्याशिवाय कोणाचंच खरं धरायचं नाय, असं बाईच सांगतात. रोज सांगतात. कंटाळा येतो ऐकून."

मॅडम हसल्या. त्यांनी बराच वेळ लिहिलं. मग उठून बाईंसमोर आल्या. "हात लावल्याचे गुण मी कापलेत, सगळे कापलेत," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही जे शिकवायला हवं होतं, ते ह्या मुली शिकल्या आहेत. पास आहात. काठावर."

बाईंनी तोंडावरचं बोट काढलंच नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या नुसती मान हलवत होत्या.

मॅडम हेडसरांबरोबर चहाला गेल्या. पटांगणात पोरं गाड्यावर एकमेकांना बसवून फिरवू लागली. अदनान बाईंच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात ती काळी पट्टी होती, वाळू लागलेली, टोकाला दुमड तशीच.

"बाई," तो म्हणाला, "आमच्या वेळी ही आम्ही सोडवली नसती. मोडकं राहू दिलं असतं, पण तुमच्या पट्टीला हात लावला नसता."

बाईंनी पदराने डोळे पुसले. पट्टी त्याच्या हातातून घेतली, घडी करून पर्समध्ये टाकली.

"तुमच्या वेळी, अदनान," त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे शिकायला मी अजून यायची होते."