जुन्या मापाची सीट

मित्रांनो, त्या दिवशी संध्याकाळी माझी मालकीण मला घ्यायला आली नाही. रक्त तपासायच्या लॅबमागे पत्र्याची शेड होती. तिथे मी कुलूप लावलेली उभी होते. बाकीच्या सायकली एकेक करून घरी गेल्या, आणि मग तिचा नवरा चालत आला. ते शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मापाची टेप त्यांच्या गळ्यात तशीच राहिली होती.

त्यांनी माझे कुलूप उगाचच ओढून पाहिले. चावी मालकिणीच्या पर्समध्ये होती आणि पर्स दवाखान्यात.

"मास्तर, आजच्या दिवस राहू द्या इथंच," लॅबचा पहारेकरी म्हणाला. "कुठं पळून जातेय ती?"

"नको. घरी नाही दिसली तर ती विचारेल," मास्तर बोलून गेले, आणि मग खाली बघत राहिले.

माझे मागचे चाक उचलून धरत त्यांनी मला घरी नेले. वाटेत कोणी थांबवले की ते एवढेच म्हणायचे, "दुपारी गेली." पहिल्यांदा मला वाटले, कुठे गावाला गेली असेल. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर मला समजले.

मी एक जुनी लेडीज सायकल आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग गडद हिरवा होता आणि घंटी अशी खणखणीत की रस्त्यावरची कुत्री बाजूला व्हायची. दुकानात माझ्याहून देखण्या सायकली होत्या. पण मालकिणीने मला निवडले, कारण माझे कॅरियर रुंद होते. तिला त्यावर बर्फाचा डबा बांधायचा होता.

तिचे काम सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे. म्हातारी माणसे, बाळंतिणी, अंथरुणाला खिळलेले लोक यांच्याकडे आम्ही जायचो. परत येताना डब्यात काचेच्या नळ्या असायच्या. खड्डा दिसला की ती खाली उतरायची आणि मला हाताने हळू पुढे न्यायची. आमच्याकडून एकही नळी फुटली नाही, असे लॅबचे डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे. ते ऐकून ती माझी घंटी पुसायची.

एकच खोड होती. माझ्या सीटची दांडी सांगाड्याच्या नळीत जरा सैल होती. मालकीण बुटकी, म्हणून सीट आधीच खाली होती, आणि धक्का बसला की ती आणखी खाली घसरायची. मास्तरांना सायकल चालवता येत नाही आणि दुरुस्तीतलेही काही कळत नाही. पण सैल झालेले कसे घट्ट करायचे, हे त्यांना एकाच पद्धतीने माहीत होते. त्यांनी काहीतरी केले आणि सीट पुन्हा कधी घसरली नाही. काय केले ते पुढे सांगते.

ती गेल्यावर मास्तरांनी मला जिन्याखाली ठेवले आणि माझ्या मापाची जाड खोळ शिवली. अगदी हँडललाही बाह्या. धूळ बसू नये म्हणून खोळीची चेन वरपासून खालपर्यंत बंद. माझ्यावर त्यांचा राग नव्हता, उलट फार जीव होता. पण जिन्याखाली ओल होती. ती आत शिरली आणि खोळीमुळे बाहेर पडलीच नाही. मित्रांनो, अंधारात मला माझा गंज दिसत नव्हता, नुसता जाणवत होता. आधी चाकांच्या तारा, मग माझी चेन, मग रिम.

खोळ निघाली ती भांडणातच.

मास्तरांची मोठी बहीण आली होती. जिन्याखालून जाताना तिचा पदर माझ्या खोळीच्या चेनला अडकला. "अरे, किती दिवस हे मढं सांभाळणार आहेस?" ती म्हणाली. "उद्या भंगारवाला यायचाय. देऊन टाक."

"ताई, तिची आहे ती."

"तिची होती म्हणून काय ओल पीत ठेवायची?"

तेवढ्यात मास्तरांची मुलगी बाहेर आली. उंचीने ती बापावर गेली आहे. "आत्या, थांब. बाबा, मला लॅबवाल्यांनी आईचंच काम दिलंय. सोमवारपासून. मला सायकल लागेल."

मास्तर म्हणाले, "तुला दुसरी बघू."

"मला हीच हवी."

"हिला हात लावायचा नाही."

"मग उद्या भंगारवाला घेऊन जाईल, तेही हात लावूनच," मुलगी म्हणाली, आणि तिने खोळीची चेन खर्रकन ओढली. तिघांनीही वाकून पाहिले. माझे काय झाले आहे ते मला तेव्हा त्यांच्या तोंडावरून कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने मला कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेले. मास्तर मागून आले. सायकलवाल्याने मला उलटी-सुलटी करून पाहिली. "चाकं, चेन, ब्रेक, हे सगळं होईल. पण सीटची दांडी आत गंजून धरलीय. ती काढल्याशिवाय नळी आतून कशी आहे ते दिसणार नाही. चाळण झाली असेल तर पोरीला हिच्यावर बसू देऊ नका, मास्तर. सरळ भंगारात."

"नाही काढली तर?" मास्तरांनी विचारले.

"तर एक दिवस भर रस्त्यात मोडेल."

"काढली की सीट हलेल."

"हलणारच! त्यासाठीच तर काढायची."

मास्तरांना काय म्हणायचे होते ते मुलीला समजले. ती सीट तिची आई बसायची त्याच उंचीवर होती. घरात आईची उंची तेवढीच उरली होती.

"बाबा, तुम्ही सांगाल तसं," ती हळूच म्हणाली.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, सीटपासून खालच्या पायडलपर्यंत लावली, आणि मान हलवली. "काढा."

सायकलवाल्याने नळीच्या तोंडाशी तेल सोडले, दिव्याच्या ज्योतीने ती तापवली, मला उलटी करून दांडी लोखंडी शिकंज्यात आवळली. "आता सायकलच फिरवायची. मास्तर, हँडल धरा. पोरी, मागून धर. झटका द्यायचा नाही. नळी फाटली तर खेळ संपला."

मित्रांनो, तिघे मिळून मला पिळत होते. मी कर्रकर्र आवाज करत होते आणि प्रत्येक आवाजाला मास्तरांचा हात सुटत होता. "धरा हो, हँडल आहे ते, नवरीचा हात नाही!" सायकलवाला ओरडला. पुन्हा जोर लावला. काहीतरी तुटल्यासारखे झाले. सगळे थांबले.

तुटले नव्हते. दांडी सुटली होती.

तिच्याबरोबर तपकिरी झालेली कापडाची एक पट्टी बाहेर आली. सायकलवाल्याने ती चिमटीत धरली. "हे काय?"

मास्तरांनी ती उलटून पाहिली. "कॅनव्हास आहे. दुहेरी टीप. मीच घातली होती, सीट घसरू नये म्हणून."

"आणि ही इतकी वर्षं आत पाणी पीत बसली!" सायकलवाल्याने कपाळाला हात लावला. "मास्तर, सायकलीला अस्तर लावणारा दुसरा माणूस सापडायचा नाही!"

मुलगी हसली. मास्तरही हसायला गेले, पण त्यांना ते जमले नाही.

मग सायकलवाल्याने नळीत उजेड पाडला आणि बाहेरून हातोडीने ठोकत खाली गेला. वर आवाज आला बद्द. त्याखाली पुन्हा बद्द. मुलीने मास्तरांची बाही घट्ट धरली. आणखी खाली, टण्. टण्. टण्.

"वरचं बोटभर कुजलंय. ते कापतो. खाली लोखंड आहे," तो म्हणाला. "जगेल."

संध्याकाळी मी पुन्हा चाकांवर उभी राहिले. नवी दांडी घालून त्याने विचारले, "किती वर ठेवू?" त्याने मुलीच्या लांब पायांकडे पाहिले. मुलीने मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी टेप काढली आणि जुन्याच मापावर बोट ठेवले. सायकलवाला काहीतरी बोलणार होता, पण मुलीने मान हलवून त्याला थांबवले.

सोमवारपासून मी कामावर आहे. डबा कॅरियरवर आहे, नळ्या शाबूत आहेत. फक्त मुलीचे गुडघे हँडलला आपटतात. ती तक्रार करत नाही. रोज सकाळी मास्तर मशीन थांबवून खिडकीतून तिचे गुडघे बघतात.

मित्रांनो, ज्याच्यावर जीव आहे ते झाकून ठेवू नका. त्याला वारा लागू द्या, ते वापरा, त्याला ओरखडे पडू द्या. मला गंज वापरल्याने चढला नाही.

सायकलवाल्याने एक पाना मास्तरांना देऊन ठेवला आहे. तो मशीनच्या खणात आहे. एक नट सैल करायचा आहे आणि सीट वीतभर वर घ्यायची आहे. मास्तरांनी ते अजून केलेले नाही.