एका ओळीचा सैद्धांतिक आधार

देवदत्त साताऱ्याच्या एका व्यवस्थापन संस्थेत शिकवत असे आणि माहितीप्रणाली या विषयात पीएच.डी. करीत असे. त्याचा सिद्धांत परदेशी होता, पण निर्दोष होता: संदेश जितका नेमका आणि एकसारखा, तितकी ऐकणाऱ्याची कृती तत्पर. १९९६ च्या सुमारास असले संशोधन व्यवहारोपयोगीही असावे अशी टूम निघाली. व्यवहार सांगलीत राहतो असे मार्गदर्शकांच्या कानी आले असावे. त्यांनी त्याला तिथल्या एका खासगी रुग्णालयात धाडले.

देवदत्तने तिथे नवी पद्धत बसवली: रुग्ण अत्यवस्थ झाला की आता संगणक एक ठरीव वाक्य छापी आणि फोनवरची बाई ते नातेवाइकांना वाचून दाखवी: 'आपल्या रुग्णाची प्रकृती चिंताजनक आहे. ताबडतोब यावे.' पूर्वी ती मनाने चार शब्द बोलत असे. देवदत्तने ते 'गोंगाट' या सदरात टाकले आणि बंद केले.

एका सकाळी हे वाक्य वडूजजवळच्या गावात, दूध संस्थेच्या फोनवर, नाथाजींना ऐकवण्यात आले. त्यांची मुलगी दीपमाला आष्ट्याला दिलेली. बाळंतपणानंतरचा ताप हटेना म्हणून सासरच्यांनी तिला सांगलीत आणले होते. ती शुद्धीवर होती. दाराकडे पाहत सासूला विचारत होती, "आबा निघालं का?"

आबा निघाले नव्हते. त्यांच्या गावाकडे मेलेल्याला फोनवर मेला म्हणत नाहीत. 'जरा जास्त आहे, या,' एवढेच म्हणतात आणि उरलेले ऐकणारा मनातल्या मनात भरून घेतो. नाथाजींनी फोन ठेवला आणि भावाला म्हणाले, "आकाराम, पोरगी गेली रं."

"काय म्हणाली बाई?"

"चिंताजनक हाय म्हणाली. या म्हणाली."

आकाराम दीपमालेच्या मामाला निरोप द्यायला उठला.

गेलेल्या माणसाकडे जायला घाई लागत नाही. शिरवळहून मामा येईपर्यंत सगळे थांबले. सवाष्ण लेकीला शेवटची साडी माहेरची लागते, म्हणून वडूजला दुकान उघडण्याची वाट पाहिली. हिरवी साडी बांधून देताना दुकानदाराने विचारले, "लेकीला का, नाथाजी?"

"व्हय. लेकीलाच."

जीप सांगलीला पोचली तेव्हा उन्हे कलली होती. सासू पायरीवर बसून होती. "आवं, आत्ता गेली. मघापर्यंत बोलत हुती, तुमाला इचारत..." एवढ्यात तिला त्यांच्या हातातली साडी दिसली. नाथाजींनी साडी धोतराच्या सोग्याआड लपवली.

साडी वाया गेली नाही.

दोन महिन्यांनी देवदत्त प्रश्नावली घेऊन नाथाजींकडे आला. संदेश मिळाला? मिळाला. समजला? समजला. त्यावर कृती केली? केली. सिद्धांताला यापरते काय हवे होते?

"मास्तर," नाथाजी म्हणाले, "माझं एक काम करा. त्या वाक्याम्होरं एक वळ घाला."

"कोणती?"

"माणूस बोलतंय म्हणून. बास. मढं थांबतंय, मास्तर. जित्तं माणूस थांबत न्हाई. बोलतीया म्हणली असती बाई, तर मी अनवाणी पळालो असतो."

देवदत्तने ती ओळ खरोखर लिहून नेली. साताऱ्यात मार्गदर्शकांनी ती दोनदा वाचली.

"हृद्य आहे. सैद्धांतिक आधार काय?"

"एक बाप आहे, सर."

"एक बाप हा नमुना नव्हे, देवदत्त."

ओळ 'पुढील संशोधनाच्या दिशा' या शीर्षकाखाली गेली. तिथे गेलेले सहसा परत येत नाही. विद्यापीठाने शिफारस केल्यास बदल करू, असे रुग्णालय म्हणाले. शिफारस हा विद्यापीठाचा विषय नव्हता. प्रबंधात दीपमालेची नोंद यशस्वी संदेशवहनात झाली, देवदत्तला पदवी मिळाली, आणि व्यवहारोपयोगी संशोधनाचा आदर्श म्हणून एका परिसंवादात त्याला शालही देण्यात आली.

पुढल्या वर्षी छातीत कळा येऊ लागल्या म्हणून आकारामला सांगलीत नेले. तिसऱ्या दिवशी दूध संस्थेचा फोन वाजला. नाथाजींनी तो दोन्ही हातांनी धरला आणि वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग ते थांबले. पुढची ओळ आली नाही.

"बाई," ते म्हणाले, "बोलतोय का त्यो?"

पलीकडे कागद सळसळला.

"इथं तसं काही लिहिलेलं नाही, काका," बाई हळू आवाजात म्हणाली, आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.